पयले कुठी ते सांग

‘‘ताई, सुनील बोलतो. पवनीहून, घरून...’’ एवढं सांगून झाल्यावरच माझा मावसभाऊ रडायला लागला. कमलमावशी पहाटे झोपेतच गेली होती. साकोलीच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत मी डोळे पुसत होते आणि मधेच मला हसू आलं. आई गेल्याचं सांगतानासुद्धा पोरानं आधी ठिकाण सांगितलं होतं. हे वळण मावशीचंच.

मावशी पवनीच्या विणकर घरातली. मावसाजी मागावर लुगडी विणायचे आणि मावशी बोलायची. वांगी आणल्याचं सांगायचं असलं, तरी आधी वांगीवालीच्या सासरची सगळी माणसं येऊन जायची. मावसाजी जेवढ्यास तेवढं बोलणारे. ‘‘त्यायच्या वाट्याचंही मीच बोलून टाकतो,’’ म्हणून ती खळखळून हसायची.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. मावसाजी अंगणात कूलरला नवी खस बसवत होते, ते एकदम पायरीवर बसले. सदरा घामानं चिंब, हात छातीवर. ‘‘काही नाही, गॅस झाला असन. सोडा आण,’’ म्हणाले. शेजारचे म्हणाले, थोडं पडू द्या, ऊन उतरलं की दवाखान्यात नेऊ. मावशी मात्र त्यांच्याकडे बघत राहिली. ‘‘दंड काहून दाबून राहिले जी?’’ ‘‘डावा हात दुखून राहिला...’’ मावशीचा चेहरा उतरला. कुणाला काही न विचारता तिनं रुग्णवाहिकेसाठी एकशेआठ लावला.

पलीकडून एक मुलगी बोलत होती. मावशीनं आवाज मोठा केला होता, म्हणून मलाही सगळं ऐकू येत होतं.

‘‘कुठून बोलताय?’’

‘‘घरूनच बोलून राहिली ना बापा!’’

‘‘गाव कोणतं?’’

‘‘पवनी. आता पाहा, सकाळपासून मी यायले म्हणून राहिली का उन्हात जाऊ नका, पण हे आयकतात कुठी...’’

‘‘बाई, पवनीत कुठं? घराजवळ काय आहे?’’

मावशी थबकली. मग एका दमात म्हणाली, ‘‘मारुतीचं देऊळ. त्याच्यासमोर पिठाची चक्की, चक्कीच्या बाजूची गल्ली.’’ इतकं नेमकं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. मुलीनं विचारलं तेवढंच ती सांगत गेली... वय, घाम, दुखणारा हात, श्वास. ‘‘त्यांना चालवू नका, बसवून ठेवा. फोन ठेवू नका. कुणाला तरी कोपऱ्यावर उभं करा.’’ मावशीनं फोन माझ्या हाती दिला, दोरीवरचं लाल लुगडं ओढलं आणि भर उन्हात अनवाणी देवळापर्यंत धावली. गाडी वळली तेव्हा ती दोन्ही हातांनी लुगडं हलवत होती. भंडाऱ्याला डॉक्टर म्हणाले, ‘‘वेळेत आणलंत.’’ तेव्हा कुठे ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली.

मावसाजी बरे होऊन घरी आले आणि मावशीनं गावाची शाळाच घेतली. लग्नात, हळदीकुंकवात, बसमध्ये, दिसेल त्याला धरायची. ‘‘कोणाले काही झालं, फोन लावला, तं पयले काय सांगशील?’’ समोरचा म्हणायचा, ‘‘काय झालं ते.’’ ‘‘चुकलं! पयले कुठी ते सांग. मंग काय झालं ते. अन् फोन ठेवाचा नाही, त्यायनं ठेवला का मंगच ठेवाचा.’’ एका नवरदेवाला तर तिनं अक्षता पडायच्या आधी हे वदवून घेतलं.

एकशेआठ कधी लावायचा नाही, हेही तिचं तेवढंच पक्कं होतं. एकदा चक्कीवाल्याची एसटी चुकली. भाचीच्या साखरपुड्याला भंडाऱ्याला जायचं होतं. तो गमतीनं म्हणाला, ‘‘पोट दुखून राहिलं म्हणून लावतो एकशेआठ.’’ मावशी जागची उठली. ‘‘लाव ना. तू साखरपुड्याले जाशीन, अन् तिकडं एखादी बाई बाळंतपणात अडली असन, तिनं कायनं जाव?’’ तो ओशाळला आणि मुकाट्यानं दुसऱ्या बसची वाट पाहू लागला. संध्याकाळी परतल्यावर तिच्यासाठी साखरपुड्याचे पेढे घेऊन आला. ते खाताना तिनं त्याला सगळा पाठ पुन्हा म्हणायला लावला.

मावशीला जाऊन आता काही महिने झाले. परवा पवनीला गेले होते. मावसाजी मागावर बसले होते. ‘खट-खट’ चालू होती. गप्पा मारता मारता ते चहासाठी थांबले, तर दोन घोटांत शेजारची सून दारात हजर.

‘‘काय झालं जी काका?’’

‘‘चहा पिऊन राहिलो, माय.’’

ती हसून गेली. मी विचारलं, ही कशाला आली होती?

‘‘तुह्या मावशीनं शेजारी सांगून ठेवलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘मागाचा आवाज बंद झाला का डोकावून पाहाचं. आता चहाही सुखानं पिऊ देत नाहीत...’’

पण कप खाली ठेवताना ते हसत होते. मग बाहेर कुणाची चाहूल लागली, तसे लगबगीनं पुन्हा विणायला लागले.