गुरुवारचं तेल

गुरुवारी संध्याकाळी नवरा सोहारहून घरी यायचा आणि बूट काढता काढताच विचारायचा, तेल गरम ठेवलंस का.

आम्ही मस्कतमध्ये, अझैब्यात राहत होतो. त्याची नोकरी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीची. रोजचं जाणं-येणं झेपणारं नव्हतं. म्हणून आठवडाभर तो तिकडे कंपनीच्या खोलीत, आणि मी नि मुलगी इकडे. नवरा मिळायचा शुक्रवार-शनिवारपुरता, आणि त्याच्या आधीची गुरुवारची संध्याकाळ तेलात जायची.

मला लाइमचा आजार होता. त्याच्या कंपनीच्या ट्रेनिंगच्या निमित्ताने आम्ही जर्मनीला गेलो होतो. तिथे गवतात बसून डबा खाल्ला आणि एक गोचीड मांडीला चिकटली. परत आल्यावर गोल लाल चट्टा उठला, तो मी मस्कतच्या उन्हाच्या खात्यावर टाकला. खरं काय ते कळेपर्यंत बराच उशीर झाला. गोळ्यांचे कोर्स झाले. डॉक्टर म्हणाले, उपचार पूर्ण झालेत, पण दुखणं कधी थांबेल ते सांगता येत नाही. मान, खांदे, पोटऱ्या, गुडघे. काही दिवशी कुकरचं झाकण लावूनसुद्धा धाप लागायची. चंद्रपूरला सासूबाईंना फोनवर हे सगळं समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "गोचीड तं म्हशीले लागते बाई." पण मोहाच्या तेलाची मोठी बाटली पाठवली त्यांनीच, इकडे येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर.

ते तेल एसीत तुपासारखं थिजायचं. बाटली गरम पाण्यात उभी करून ठेवावी लागे. वास असा की मुलगी तिच्या खोलीचं दार लावून घ्यायची.

नवऱ्याचा हात यंत्रांवर बसलेला. कुठे आवळलंय ते तो बोटांनी चाचपायचा आणि जागा सापडली की अंगठा रोवायचा. मी श्वास रोखला की म्हणायचा, दुखतंय ना, म्हणजे बरोबर जागी आहे. हे काही त्याच्या एकट्याच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. आमच्याकडे बाळाला रडेपर्यंत चोळतात, बाळंतिणीला चोळतात, आणि जितकं दुखेल तितका गुण येतो असं धरून चालतात. सुरुवातीला मीही तेच धरून चालले होते.

शुक्रवारी अंग जड व्हायचं. जवळच बौशरला एका घरी आम्ही मंडळी बुद्धवंदनेला जमायचो. सगळ्या बायका सतरंजीवर मांडी घालून बसायच्या आणि मी भिंतीकडच्या खुर्चीवर. नवरा चोळून देतो म्हटल्यावर त्या म्हणायच्या, नशीब काढलंस. शनिवारी दुपारी त्याची गाडी गल्लीतून वळली की मी आडवी व्हायची, ती रविवार-सोमवार जवळजवळ तशीच. अंगावरची चादरही नको वाटायची. पोळ्या कोण करणार, म्हणून मुलगी कोपऱ्यावरच्या दुकानातून खुबूस आणायची आणि आम्ही दोघी तीच रोटी वरणाबरोबर खायचो.

आजाराचं दुखणं फिरतं होतं, आज खांद्यात तर उद्या गुडघ्यात. हे मात्र जिथे अंगठा रोवला होता तिथेच ठाण मांडून बसायचं. बुधवारपर्यंत ते ओसरायचं. गुरुवारी मी केस विंचरून, भाजी फोडणीला टाकून उभी असायची. तो दारातून मला बघायचा आणि खूश व्हायचा. म्हणायचा, बघ, गुण येतोय. माझे रविवार-सोमवार त्याने कधी पाहिलेच नव्हते.

मी बोलत नव्हते, कारण मला भीती वाटत होती. एवढी गाडी हाकत तो आजारी बायकोच्या घरी येत होता आणि इथे त्याच्या हाताला एवढं एकच काम होतं. ते काढून घेतलं तर तो येऊन करणार काय? मोबाइल बघत बसेल, आणि मग एखाद्या गुरुवारी तिकडेच थांबेल. त्याच्याबरोबरचे कितीतरी जण तसे थांबायचे. मला तो गुरुवार हवा होता.

मग ईदची लांब सुट्टी आली. गुरुवारचं चोळून झाल्यावर तो म्हणाला, आता रोज करू, बघ कशी पळायला लागशील. शुक्रवारी संध्याकाळी त्याने स्वतःच बाटली गरम केली. मी पलंगाच्या कडेला बसले होते आणि कुर्ता काढायला माझा हात वर जात नव्हता.

"नको," मी म्हटलं. "दुखतं."

"दुखणारच ना."

"आजाराचं नाही रे. तू चोळलंस की दुखतं. तू गेल्यावर दोन-दोन दिवस उठवत नाही मला."

तो बाटली हातात घेऊन उभा राहिला. प्रत्येक वेळी का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. आधी का नाही सांगितलंस म्हणाला, आणि मी म्हटलं, मग तू आला असतास का? हे त्याला लागलं. माझ्या तोंडून ते फार थकून निघालं होतं, पण निघालं होतं.

रविवार-सोमवार त्याने पहिल्यांदाच पाहिले. पोळ्या त्यानेच केल्या, जाड्या आणि कच्च्या. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, जोर अजिबात नको, शेक घ्या, फार तर हलका हात. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. सुट्टी संपली तेव्हा बॅग उचलून, येतो एवढंच म्हणून गेला.

पुढच्या गुरुवारी मी दोनदा खिडकीशी जाऊन आले. तो उशिरा आला. बूट काढले. तेलाचं विचारलं नाही. हात धुतले आणि नुसताच उभा राहिला.

"इथे हात ठेव," मी खांदा दाखवला. "दाबू नकोस."

मोटर तापलीय का बघतात तसा त्याने तळवा अलगद टेकवला. बोलता बोलता बसल्या जागीच त्याचा डोळा लागला आणि हात जड झाला. मी तो उचलून चादरीवर ठेवला आणि कुकर लावायला उठले.

शनिवारी तो गेला. रविवारी सकाळी जाग आली तेव्हा मान आणि उजवा गुडघा ठणकत होता. मी खांदा चाचपून पाहिला. तिथे काही नव्हतं. तेवढ्यात त्याचा फोन आला, दुखतंय का म्हणून.

"दुखतंय," मी म्हटलं. "पण यात तुझं काही नाही."

पलीकडे कारखान्याची घरघर ऐकू येत होती. तो म्हणाला, "मग गुरुवारी येतो."