पहिला घाण

माझ्या वडिलांची इंदूरबद्दल एकच तक्रार आहे आणि ती पोह्यांबद्दल आहे. चवीची नाही, चव त्यांना इतकी मानवली आहे की सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीपाशी ते माझ्या आधी पोचलेले असतात. तक्रार व्याकरणाची आहे. इथली मराठी माणसंसुद्धा 'पोहा खाल्ला' म्हणतात. "एकच खाल्ला का?" बाबा गंभीरपणे विचारतात. "बाकीचे बशीत ठेवलेत?" समोरचा बिचारा गोंधळून माझ्याकडे बघतो आणि मी दुसरीकडे बघते.

मी नोकरीसाठी इंदूरला आले त्याला बरीच वर्षं झाली. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. आई गेल्यावर बाबांना साताऱ्याहून राजेंद्र नगरच्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. येताना त्यांनी दोन बॅगा आणि चादरीत गुंडाळलेली एक भलीमोठी फळी आणली. फळीला हमालाला हात लावू दिला नाही. स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षात ती माझ्या मांडीवर होती आणि घर येईपर्यंत माझे दोन्ही पाय झोपले.

ही फळी म्हणजे बाबांचं चित्र. बाबा तरुणपणी दूरच्या एका पोलाद कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. नव्या भट्टीतून पोलाद पहिल्यांदा ओतलं गेलं त्या दिवशी हातातलं काम टाकून ते बघायला गेले होते. यंत्रं ज्या खोक्यांतून आली त्यांतल्याच एका खोक्याच्या फळीवर मग त्यांनी ते दृश्य तैलरंगात रंगवलं. भट्टीच्या तोंडातून नारिंगी धार मोठ्या डोणीसारख्या भांड्यात पडते आहे, ठिणग्या उडताहेत, तोंडाला ओले गमछे बांधलेले कामगार उभे आहेत, आणि अगदी पुढचा एक जण उष्णता सोसवेना म्हणून कोपर तोंडाशी धरून आहे. चित्र चांगलं आहे. मुलगी म्हणून म्हणत नाही. मुलगी म्हणून मी त्या फळीला फार शिव्या दिल्या आहेत, कारण लहानपणी तिच्यामागे पाली राहायच्या.

चित्राचं नाव आईनं ठेवलं. त्या दिवशी बाबा शर्टाला ठिणग्यांची भोकं पाडून घेऊन घरी आले तेव्हा आई भजी तळत होती. भट्टीतून एका वेळेला जेवढं पोलाद निघतं त्याला कारखान्यात 'हीट' म्हणतात, हे त्यांनी तिला मोठ्या उत्साहानं समजावलं. "म्हणजे घाण," आई झारा न थांबवता म्हणाली. तळणीत एका वेळेला जेवढं सोडतात त्याला कोणी घाणा म्हणतात, आमच्याकडे घाण म्हणतात. "मग पहिला घाण कसा निघाला?" तिनं विचारलं. आणि बाबा उत्तर शोधत असताना स्वतःच म्हणाली, "पहिला जरा तेलकटच निघतो." फळीच्या मागच्या बाजूला बाबांनी रंगानं लिहिलं: पहिला घाण.

कारखान्याच्या सभागृहात हे चित्र लागायचं ठरलं होतं. साहेबांना चित्र पसंत पडलं, नाव पडलं नाही. काहीतरी भारदस्त हवं होतं, पहाट, उदय, राष्ट्र वगैरे. नाव बदला, उद्याच लावतो, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी फळी उचलली आणि घरी आणली. यावरून आईचं आणि त्यांचं जे भांडण झालं ते मी झोपेचं सोंग घेऊन ऐकलं आहे. "माझ्या भज्यांपायी चित्र अडवून बसलात," आई म्हणत होती. "बदला की नाव." बाबांनी बदललं नाही. आई असेपर्यंत ते चित्र घराबाहेर कुठेच लागलं नाही आणि हे तिला शेवटपर्यंत लागून राहिलं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात जेव्हा इथल्या काही मराठी मंडळींनी गिरण्या, भट्ट्या आणि कामगारांच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि बाबांची फळी मागितली, तेव्हा बाबा दोन दिवस कुणाशी भांडले नाहीत. नंतर मला फक्त एवढंच म्हणाले, "नावासकट लागणार असेल तर देतो." मी म्हटलं, नावासकटच लागेल. असं छातीठोक बोलायची मला खोड आहे.

प्रदर्शनाचं सगळं एक तरुण बघत होता. त्याचे आजोबा इथल्या कापडगिरणीत कारकून होते, आजोबांच्या गिरणीची दोन चित्रंही तो लावणार होता. मुलगा उत्साही, मदतीला तत्पर, आणि त्याचं मराठी म्हणजे गाडी मराठी आणि माल सगळा हिंदी. मी त्याला चित्राचं नाव मोबाइलवर टाइप करून पाठवलं. त्यानं लगेच अंगठा पाठवला.

उद्घाटनाच्या दिवशी बाबांनी कोट घातला. हा कोट माझ्या लग्नानंतर थेट आत्ताच बाहेर निघाला. हॉलवर आम्ही वेळेच्या इतके आधी पोचलो की सतरंज्या अजून अंथरायच्या होत्या आणि बाहेर भजीवाला स्टोव्ह पेटवत होता. प्रदर्शनाचे दोन भाग होते, 'श्रम' आणि 'स्वच्छता'. गिरण्यांच्या प्रदर्शनात स्वच्छता कुठून आली असं वाटत असेल तर तुम्ही इंदूरचे नाही. इथे मुंजीच्या मांडवातही ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे आधी येतात, मुंजमुलगा मागून.

'श्रम' भागात बाबांचं चित्र नव्हतं. ते मला पलीकडे दिसलं, हिरव्या आणि निळ्या डब्याच्या बरोबर मध्ये. खाली फ्लेक्सचा चांगला वीतभर उंचीचा फलक होता. वरच्या ओळीत 'पहिली घाण', तिच्याखाली हिंदीत 'पहली गंदगी', त्याखाली 'औद्योगिक प्रदूषण की शुरुआत', आणि तळाला बाबांचं पूर्ण नाव.

मी बाबांना म्हटलं, चला, आधी चहा घेऊ. बाबा म्हणाले, तू घे. आणि डब्यांच्या दिशेनं चालू लागले.

त्यांनी फलक वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. तरुण धावत आलाच.

"काकाजी, कसं वाटलं? एकदम प्राइम जागा दिली आहे. एंट्रीच्या सामने."

"हे नाव कोणी लिहिलं?" बाबांनी विचारलं.

"मीच. दीदीच्या मेसेजमध्ये छोटीशी मिस्टेक होती, 'पहिला घाण' लिहिलं होतं. घाण तर फीमेल असते ना. मी चुपचाप सही करून टाकलं." त्याच्या चेहऱ्यावर खरोखर उपकार केल्याचा आनंद होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाचं मराठी सुधारलं होतं.

बाबांना राग आला की त्यांची भाषा फार शुद्ध होते. "आपण माझ्या चित्राला कचरा म्हणालात, हे मी एक वेळ समजू शकतो," ते म्हणाले. "नाव बदललंत, हे नाही. चित्र उतरवा. मी घरी घेऊन जातो."

मला रडू यायला हवं होतं, पण आधी राग आला. एकदा नाव भारदस्त नाही म्हणून फळी घरी आली होती. आता ती व्याकरणापायी परत येणार होती, आणि यावेळी भांडायला आई नव्हती. मी त्या मुलाला म्हटलं, "अरे, ती घाण नाही रे. तो घाण. तळणातला. भज्यांचा."

"भजियांचा?" तो पार हरवला. "गंदे भजिये?"

मी अजून समजावणार तोच फाटकाशी पाहुण्यांची गाडी लागली. मुलाचा धीरच सुटला. एका हातानं आम्हाला थांबा म्हणत तो खिडकीशी धावला आणि गजांना तोंड लावून बाहेरच्या भजीवाल्याला उद्देशून ओरडला, "अरे भिया, गेस्ट आ गए! पहला घान निकला कि नहीं?"

"निकल रिया है भिया," बाहेरून आवाज आला.

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. खिडकीतला मुलगा गज धरून तसाच उभा राहिला. "घान," तो स्वतःशी म्हणाला. मग जरा वेळानं, जीभ वळवून, "घाण." मग तो हळूहळू फिरला आणि त्यानं चित्राकडे बघितलं, भट्टीकडे, नारिंगी धारेकडे, तोंड बांधून उभ्या माणसांकडे.

"काकाजी," तो म्हणाला, "हा तर आपला घान आहे."

"आपलाच," बाबा म्हणाले.

पुढची पाच-दहा मिनिटं नुसती धावपळ होती. दोन्ही डबे उचलून दाराबाहेर गेले. नवा फलक छापायला वेळ नव्हता, पण बाबांनी हिशेब केला होता. फलकाच्या मधल्या दोन ओळी झाकायच्या, आणि 'पहिली'वरची दुसरी वेलांटी झाकायची. वेलांटी गेली की 'ली'चा आपोआप 'ला' होतो. मुलानं प्रथमोपचाराच्या पेटीतून पांढरी चिकटपट्टी आणली. गंदगी आणि प्रदूषण दोन्ही छान झाकलं गेलं. वेलांटीपुरता तुकडाही उरला. पण दरम्यान माफी म्हणून त्यानं बाबांसाठी बशीभर गरम भजी आणली होती आणि त्याच बोटांनी तो तुकडा चिकटवायला गेला. तेलानं माखलेला तुकडा दोनदा लावला, दोनदा घसरून पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा पाहुणे दारात होते.

बाबांनी पुढे होऊन वेलांटीवर बोट ठेवलं.

पाहुण्या बाई फिरत फिरत आमच्यापर्यंत आल्या. चित्रासमोर बराच वेळ थांबल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "वा, क्या रौनक है. सराफा है ना?" सराफा म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार; त्या धारेत त्यांना बहुतेक जिलबी दिसली होती. कारखान्यातल्या साहेबांनी असं म्हटलं असतं तर बाबांनी त्यांचा निकाल लावला असता. इथे ते कोटात चक्क लाजले. "पोलाद है," ते म्हणाले, "लेकिन मेरी पत्नी भी यही कहती थीं."

मग भाषणं सुरू झाली. लोक खुर्च्यांवर बसले, सगळ्यांची पाठ आमच्याकडे होती. बाबा अजून तसेच उभे, हात लांब करून. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाबा, आता कोणी बघत नाहीये. हात खाली घ्या, दुखेल."

"तिनं सांगून नाव बदललं नाही," बाबा म्हणाले. "आता चिकटपट्टी सुटली म्हणून बदलू?"

मी भज्यांची बशी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती छातीशी टेकवून कशीबशी धरली आणि मी त्यांना एक भजं भरवलं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"जरा तेलकट," बाबा म्हणाले.

त्या मुलानं तेवढ्यात आमचा फोटो काढला आणि नंतर फ्रेम करून आणून दिला. तो आता घरी त्या फळीशेजारीच लावला आहे. बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की म्हातारा आपल्याच चित्राच्या नावाकडे बोट दाखवतोय, आणि बाबा कुणाला काही सांगत नाहीत. मी सांगते. त्यांच्या बोटाखाली वेलांटी आहे, दुसऱ्या हातात पहिला घाण आहे, आणि ते रडताहेत.