आईचं ‘येस मॅडम’

भीमाशंकरच्या रस्त्याला, डिंभ्याच्या जरा पुढे, माझ्या आईची चहाची टपरी आहे. हे मी २००७ साली लिहिते आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत तिथं गोरे पाहुणेही थांबू लागलेत आणि आई त्यांच्याशी इंग्रजीत बोलते. बोलते म्हणजे काय, चांगली दटावते. साखर नको म्हणणाऱ्यालाही ‘लिटल, लिटल’ करत चमचाभर घालतेच. पुण्याची शिकलीसवरली माणसं तोंडात बोटं घालतात आणि विचारतात, "मावशी, कुठं शिकलात?" आई म्हणते, "भांडी घासताना." सगळे हसतात. मला हसू येत नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवते, आणि आईच्या इंग्रजीचा विषय निघाला की मी अजून तिथून उठून जाते. का जाते, ते एकदाचं लिहूनच टाकते.

आईचं नाव साळुबाई. तिला अक्षरओळख नाही. ग्रामसेवक असो, मोजणीवाला असो, एस्टीचा कंडक्टर असो, पँट घातलेला माणूस काही बोलला की आई आधी ‘व्हय साहेब’ म्हणायची आणि मग माझ्याकडे वळून विचारायची, "काय म्हनला गं?" आमच्या डोंगराकडच्या माणसांत समोरच्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, पाहुण्याला तर नाहीच नाही. पण आईचं ‘व्हय’ आदबीतून यायचं नाही. ती घाबरायची, बस्स.

१९९७ च्या दिवाळीनंतर डिंभ्याला रूथबाई आली. विलायतेची, उंच, चाळिशीची. तिथल्या धरणाच्या खाली घोड नदीच्या डोहांमधून ती मासे पकडायची, मोजायची, पट्टीवर मापायची आणि पुन्हा सोडून द्यायची. पकडलेला मासा सोडून देणारी बाई आमच्या गावानं पहिल्यांदाच पाहिली होती. तिच्यासोबत पुण्याचा एक विद्यार्थी होता. तो बाईचं बोलणं मराठीत सांगायचा. त्यानंच आईला तिच्याकडे स्वयंपाकाला लावलं आणि महिन्याभरात त्याला कावीळ झाली. तो पुण्याला गेला तो परत आलाच नाही. बाईच्या घरात उरल्या दोघी. एकीला मराठीचा गंध नाही, दुसरीला इंग्रजीचा.

त्या दिवशी आई घरी आली ती रडवेली होऊन. "मला न्हाई जमायचं आरते. तिनं कायबी इचारलं तर म्या काय सांगू?"

मी तेव्हा नववीत. इंग्रजीत वर्गात पहिली. काळ पाठ, प्रयोग पाठ, अपवादांसकट पाठ. रूथबाईनं एकदा रस्त्यात मला काहीतरी विचारलं तेव्हा मी घामाघूम होऊन पळ काढला होता, पण ते आईला कुठं माहीत? मी ऐटीत म्हणाले, "त्यात काय एवढं? काहीही विचारलं तरी ‘येस मॅडम’ म्हणायचं. त्या लोकांना येस आवडतं."

आईनं ते दोन शब्द देवाचं नाव घ्यावं तसे घोकले.

आणि खरंच जमलं की. आई ‘येस मॅडम’ म्हणायची, बाई खूश व्हायची. मध्येच कधी चहाऐवजी आंघोळीचं पाणी समोर यायचं, पण बाई हसून सोडून द्यायची. मला माझ्या हुशारीचं कोण कौतुक!

हळूहळू मात्र आईच्या कानात दुसरंही काही जाऊ लागलं. बाई ताटावर आडवा हात धरून ‘इनफ’ म्हणायची. आईला ‘इनफ’ कळलं. तव्याजवळ हात नेला की ‘हॉट’. आणि रोज दोन वेळा एक भांडण. आमच्याकडे रांधणारी बाई सगळ्यात शेवटी जेवते. आई बाईला वाढायची आणि मोरीत बसून भांडी घासत राहायची. बाईला ते मुळीच खपायचं नाही. ती दारात उभी राहून, हात झटकून ओरडायची, "लीव्ह इट, साळू! लीव्ह इट! कम!" आई ‘येस मॅडम’ म्हणायची आणि घासतच राहायची. मग बाई येऊन तिच्या हातातलं पातेलं काढून घ्यायची आणि तिला दंडाला धरून ताटावर नेऊन बसवायची. मला मॅडम न म्हणता रूथ म्हण, असंही ती छातीवर हात ठेवून सांगायची. आईला ते जन्मात जमलं नसतं.

एप्रिल उजाडला. खालच्या गावांच्या बंधाऱ्यांसाठी धरणातून नदीला पाणी सोडायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी कुशाबा कोतवाल थाळी बडवत वाडीवाडीतून फिरला. "ऐका हो ऐका! उंद्या धा वाजता नदीला पानी सुटनार हाये! मोटारी वर घ्या, गुरं नदीत घालू नका!" लोकांनी नदीतल्या पाण्याच्या मोटारी वर ओढल्या. आम्ही गुरं बांधली. रूथबाई तिच्या ओट्यावर बसून कौतुकानं कुशाबाची थाळी ऐकत होती. तिला तो कसला तरी सण वाटला असावा. ही दवंडी तिला सांगायची राहिली, हे साऱ्या गावात एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दहाच्या सुमारास ताक घेऊन बाईच्या घरी गेले. आई मोरीत कढई घासत होती.

"मॅडम कुठंय?"

"गेली की, जाळं घिऊन. जाताना रिव्हर रिव्हर म्हनत कायतरी इचारत व्हती."

"मग तू काय म्हणालीस?"

आईचा हात कढईवर थांबला. "येस मॅडम."

तेवढ्यात धरणावरचा भोंगा वाजला.

माझ्या हातातलं ताक सांडलं. आई उठली ती तशीच, राखेच्या हातांनी, अनवाणी धावत सुटली आणि तिच्या मागे मी. धावताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. बाई मेली तर ती माझ्यामुळे मेली. ‘येस’ मी शिकवलं होतं. मला रडायलाही सुचत नव्हतं, इतकी मी भ्यायले होते. कुशाबाला हाक मारावी म्हटलं तर तो वरच्या आळीला, आणि वेळ तर नव्हताच.

काठावर पोचलो तेव्हा बाई पार पलीकडच्या अंगाला, उभ्या कड्याखाली, गुडघाभर डोहात पाठमोरी वाकलेली. शेजारच्या खडकावर पाण्याचे नमुने भरायच्या तिच्या काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. भोंगा तिनंही ऐकला असणार, पण धरण म्हटलं की भोंगे वाजतातच. वरच्या वळणावर मला पाणी दिसलं. गडगडाट वगैरे काही नव्हता. पुढे पालापाचोळा आणि फेस ढकलत ते पसरत येत होतं, आणि एकेक कोरडा धोंडा काळा पडून नाहीसा होत होता. त्या गुपचूप येण्याचीच मला जास्त भीती वाटली.

"बोल की आरते!" आई माझा खांदा हलवत किंचाळली. "तुला येतंया इंग्रजी! सांग तिला!"

मी तोंड उघडलं. पाणी सुटलं आहे. कर्ता कोण? सोडलं कोणी? प्रयोग कुठला? वहीतली सगळी पानं डोळ्यांपुढून गेली. वर्गातली पहिली मी, खुंटासारखी उभी राहिले.

मग आई ओरडली. "लीव्ह इट! लीव्ह इट, रूथ! कम!"

तोच सूर, तेच हात झटकणं. मोरीच्या दारात उभी राहून बाई जशी ओरडायची, अगदी तशी. आयुष्यात पहिल्यांदा आईनं तिला नावानं हाक मारली होती. बाईनं वळून पाहिलं. आधी आईकडे, मग वळणाकडे. तिनं जाळं सोडलं, बरण्या सोडल्या आणि निघाली. मध्यावर येईपर्यंत पाणी मांड्यांना लागलं. तिचा पाय घसरला, ती एकदा पूर्ण आत गेली, आणि मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा आई कमरेइतक्या पाण्यात होती. एका हातानं तिनं करंजाची फांदी धरली होती आणि दुसऱ्या हातात बाईचा दंड होता. "कम," ती म्हणत होती, "कम, कम, कम." दोघी काठाला लागल्या. खडकावरच्या बरण्या एकेक करून वाहत गेल्या.

घरी आल्यावर बाई एप्रिलच्या उन्हात गोधडी पांघरून कुडकुडत बसली. आईनं चहा दिला. मी दाराआड उभी होते.

चहा संपवून बाईनं मान वर केली. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. सकाळी मी तुला विचारलं, आज सण असला तरी नदीवर जाऊ का, तू येस म्हणालीस. तुला कळलं नव्हतं ना? मग येस का म्हणालीस? कोणी शिकवलं तुला असं? ‘हू टॉट यू?’ हे तिनं दोनदा विचारलं. तिचा आवाज चढला होता. ते सगळं मला शब्दन्‌शब्द कळलं. शरमेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आईलाही कळलं होतं. ते तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. तिनं हळूच दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं हात पुसले, मान खाली घातली, आणि कधीच काही न कळणाऱ्या जुन्या साळुबाईसारखी म्हणाली,

"येस मॅडम."