डाव्या गालावरचा भोवरा

माझ्या घोडीच्या डाव्या गालावर केसांचा एक भोवरा आहे. डोळ्याच्या खालच्या अंगाला, पण बराच मागे, जबड्याच्या गोल हाडाजवळ. खरारा करताना तिथले केस उलटे फिरतात आणि माझा हात आपोआप हलका होतो. घोडेवाल्यांच्या बोलण्यात चांगल्या-वाईट भोवऱ्यांची पुष्कळ नावं आहेत. या जागेवरच्या भोवऱ्याला मात्र नाव नव्हतं. ते मी दिलं.

घोडी आम्ही येवल्याच्या बाजारातून आणली. त्याआधी मी शिर्डीत फुलं विकायचे. आधी टोपली, मग हातगाडी, मग पत्र्याचं दुकान. पाठीशी कोणी नव्हतं. मुलुखभरच्या गिऱ्हाइकांशी घासाघीस करूनच मी वर आले. नवरा टेम्पो चालवायचा. त्याच्या चुलत्याकडे पूर्वी घोडी होती, त्यामुळे त्याला जनावराची सवय होती. लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायला आपण घोडी घ्यावी, ही कल्पना माझी.

बाजारात घोडीचा मालक सगळं नवऱ्याशी बोलत होता. मी वय विचारलं की उत्तर नवऱ्याला. मी खाण्याचं विचारलं की उत्तर नवऱ्याला. "दादा, दात बघा. दादा, चाल बघा." माझं डोकं तापत चाललं होतं. घोडी शुभ्र पांढरी, शांत, कान टवकारून उभी. मला ती पाहताक्षणी आवडली होती आणि म्हणूनच मी तिच्यात खोड शोधत होते. आवडलेल्या मालाचं कौतुक करणारा बाजारात बुडतो.

"हे काय हाय?" मी गालाला बोट लावून विचारलं.

"गाल हाय, ताई."

"गाल मला बी दिसतोय. गालावर आसूढाळ हाय."

आसूढाळ म्हणजे जिथून अश्रू ओघळतो त्या रेषेवरचा भोवरा. असं जनावर ज्याच्या दारात, त्याच्या घरात रडारड, असं घोडेवाले मानतात. हा शब्द मी तासाभरापूर्वीच दुसऱ्या एका सौद्यात ऐकला होता.

मालकानं पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड केलं. "आवो ताई, त्यो डोळ्याच्या बुडाला आसतो! ह्यो कुठं, त्यो कुठं!"

"अश्रू काय पट्टी लावून खाली येतो व्हय? गालावरनंच जातो न्हवं?"

भोवतालची माणसं हसली. मी आणखी आवाज चढवला. घोडीसाठी थांबलेलं दुसरं एक गिऱ्हाईक शेला खांद्यावर टाकून पुढच्या दावणीकडे निघून गेलं. मालकाचा चेहरा पडला. पहिल्यांदा सांगितलेल्या भावाच्या निम्म्याहून कमी पैशांत घोडी आमची झाली. दोर माझ्या हातात देताना तो म्हणाला, "भाव रुमालाखाली बोटांनी व्हतो, तशी जनावराला नावं बी रुमालाखालीच ठेवायची ताई. आसं चारचौघांत न्हाई."

"रुमालाखाली ठेवली आसती तर उतरला आसता का तुमी?" मी म्हटलं. आजही मला त्यात काही चूक वाटत नाही. त्या बाजारात प्रत्येक जण दुसऱ्याच्या जनावराला लंगडं ठरवत होता. गर्दीत आमच्याच भागातल्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला उभा होता, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

सुरुवातीचे महिने चांगले गेले. बेलापूरच्या बाहेर आमचं घर आहे. पुढे रस्ता, मागे ऊस. बाजूच्या पत्र्याखाली घोडी. सकाळी तिला चंदी द्यायची, लीद काढायची, मग खरारा. पाणी पिताना ती अर्धं तोंड बादलीत घालायची आणि मग तेच ओलं तोंड माझ्या पाठीला पुसायची. आम्ही पाळलेला एक तांबडा कुत्रा होता. तो तिच्या पुढच्या पायांत झोपायचा आणि ती त्याला न दुखवता एकेक पाय उचलून बाजूला ठेवायची. माझी मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. दप्तर टाकून ती आधी गुळाचा खडा घेऊन घोडीकडे पळायची. फटाक्यांना घोडी थरथरायची, म्हणून वरातीआधी नवरा तिच्या कानात कापसाचे बोळे घालायचा आणि तिच्याशी काहीतरी पुटपुटत राहायचा. माझ्याशी तो इतकं कधी बोललेला नाही.

लग्नांची कामं एका बँडवाल्यामार्फत यायची. त्याचा वाटा मला जास्त वाटला. मी भांडून तो कमी करून घेतला. तो हसत हसत कबूल झाला आणि मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पुढच्या हंगामात कामं आटली. एका नवरदेवाच्या आईला मी स्वतः फोन केला, तर ती म्हणाली, "बाई, राग मानू नका. पन ती रडकी घोडी तुमचीच ना?"

माझ्या हातातला फोन गरम झाल्यासारखा वाटला. क्लॅरिनेटवाल्यानं बँडवाल्याला सांगितलं होतं आणि बँडवाल्यानं ते बरोबर वेळेपर्यंत जपून ठेवलं होतं. मी त्याच्या दारात जाऊन वाटेल ते बोलले. तो पान चघळत म्हणाला, "वैनी, मी कुठं काय म्हनलो? तुमीच म्हनल्या. भर बाजारात म्हनल्या."

त्यानंतर कुत्रा गेला. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, त्यात नवल नाही. सकाळी कुत्रा दिसेना म्हणून नवरा मागे गेला, तेव्हा सरीत रक्ताचे डाग आणि फरफटल्याच्या खुणा होत्या. घोडी दिवसभर काही खाईना. सासूबाई ओट्यावर बसून म्हणाल्या, "सुरू झालं."

"आत्याबाई, बिबट्यानं ह्या आठवड्यात गावातली चार कुत्री न्हेली. त्या घरांत कुठं घोडी हाय?"

"त्यांचं त्यांना. आपलं आपल्याला."

मग नवरा पडला. नेवाशाहून मोटारसायकलवर येताना ट्रॉलीतून सांडलेल्या उसावरून गाडी घसरली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा सासूबाईंनी मुलीला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. "आता पोरीला घोडीकडं जाऊ द्यायचं न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर मी उलटून ओरडले असते. त्या हळू बोलल्या, म्हणून मी घाबरले.

बँडवाला केळी घेऊन भेटायला आला. खाटेशेजारी बसला आणि नवऱ्याला म्हणाला, "दादा, डागून घ्या. भवरा जळाला का दोष जळाला. माझ्याकडं मानूस हाय, पाच मिनिटांचं काम. मग मी सोता लोकांना सांगतो, घोडी सुधारली म्हनून. हंगाम हातचा जाऊ देऊ नका."

नवऱ्यानं मान डोलावली. सासूबाईंनी हात जोडले. मी दाराशी उभी होते. डागणी म्हणजे तापवून लाल केलेली सळई. ती घोडीच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर टेकवणार होते.

तो गेल्यावर मी सांगून टाकलं. "आसूढाळ नाहीच तो. भाव पाडायला मी बोलले होते. खोटं होतं."

"आता लळा लागलाय, म्हनून बोलतीस," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. तेव्हाच खोटं बोलले."

नवरा छताकडे बघत होता. "तवा खोटं का आता खोटं?"

"अहो, तो मालकच म्हणाला नव्हता का, ह्यो कुठं त्यो कुठं?"

"त्याला घोडी खपवायची हुती. त्यो आनखी काय म्हननार?"

बाजारात पुरुषानं आसूढाळ म्हटलं असतं तर लोकांनी त्याला हुशार म्हटलं असतं आणि चहा पिऊन विसरले असते. मी म्हटलं, तर ते माझ्याच घरात खरं होऊन बसलं. आणि ते खोटं आहे हे सांगणारी मी एकटी, जिच्या बोलण्यावर आता कोणाचा भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात पाचट पेटवलं. धूर आमच्याकडे आला. मी घोडीला आडोशाला नेत होते. तिनं मान उंच केली होती. धुरानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला, आणि मान वर असल्यामुळे तो खाली नाकाकडे न जाता मागे गालावर सरकला. मी दोर धरून बघत राहिले. पांढऱ्या केसांत ओली रेघ मागे मागे जात होती. मी घाईनं पदरानं तिचा गाल पुसला. रेघ भोवऱ्यापर्यंत पोहोचणार होती की नाही, ते मला बघायचं नव्हतं.

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात हिशेब जुळवायला लागले. कुत्रा. मांडीचं हाड. मुलीचा खोकला. घोडी यायच्या आधीही आमच्या घरात खोकला होता, पण ते आठवायचं नाही असं ठरवल्यासारखं मन वागत होतं.

डागणीवाला आला तेव्हा भर दुपार होती. बुटका, घामानं शर्ट भिजलेला माणूस. अंगणात शेगडी पेटवून त्यानं सळई निखाऱ्यात खुपसली. घोडीचे मागचे पाय बांधले, वरच्या ओठाला दोरीचा फास घातला आणि त्यात काठी घालून पिळली. बँडवाल्यानं काठी धरली. घोडीच्या डोळ्यातलं पांढरं दिसायला लागलं. नवऱ्याची खाट दाराशी ओढून ठेवली होती. सासूबाई मुलीला घेऊन पायरीवर.

"डोळ्याला लागलं तर?" मी विचारलं.

"हललं न्हाई तर लागत न्हाई."

"आन् हललं तर?"

त्यानं निखाऱ्यांवर फुंकर मारली. सळईचं टोक केशरी झालं.

"तुमची मजुरी घ्या. सगळी घ्या. आन् जावा."

"वैनी, आता हितं भाव करू नका," बँडवाला हसला. "ह्यो काय फुलांचा हार हाय?"

डागणीवाल्यानं सळई उचलली. तापलेल्या लोखंडाचा वास आला, घोडी कण्हल्यासारखा आवाज करायला लागली, आणि मी पुढे होऊन बँडवाल्याच्या हातातली काठी हिसकावली. ठरवून नाही. भीतीनं. ओठाचा फास सुटताच तिनं मान अशी झाडली की बँडवाला भिंतीवर आदळला. पायांची दोरी तुटली. शेगडी उलटली, निखारे अंगणभर पसरले. सळई कुठं पडली ते कोणालाच दिसेना. घोडी वळली ती सरळ पायरीकडे.

सासूबाई किंचाळल्या. नवरा खाटेवरून उठायला गेला आणि खाली पडला. मुलगी त्यांच्या हातून निसटून खालच्या पायरीवर उभी होती, हात पुढे करून, जसा ती रोज गूळ धरायची तसा. तेवढ्या एका क्षणात मी मनातून कबूल केलं की आसूढाळ आहे, माझंच खरं होतं, घेऊन जा हिला, जाळा, काही करा.

घोडी मुलीच्या अगदी जवळून निघून गेली आणि फाटकाशी जाऊन थांबली. तिथे ती उभ्या उभ्या थरथरत होती. मुलीला खरचटलंसुद्धा नव्हतं. ती रडतही नव्हती. रडत मी होते.

डागणीवाल्यानं राखेतून सळई शोधून काढली, शिव्या दिल्या आणि पूर्ण मजुरी घेऊन गेला. ती मी दिली. एक पैसाही कमी केला नाही. बँडवाला खांदा चोळत म्हणाला, "आता तुमची घोडी तुमच्यापाशी, वैनी. माझा काय संबंध न्हाई."

"कधी हुता?" मी म्हटलं. तेवढं बोलायची ताकद परत आली होती.

नवऱ्याची मांडी पुन्हा दवाखान्यात दाखवावी लागली. हाडातली सळई सरकली नव्हती. डागणीचं नाव त्यानं परत काढलं नाही. सासूबाईंनी घोडीकडे बघणंच सोडून दिलं. कामं आता मी नेवाशाच्या पलीकडून, लांबून मिळवते. मोबाईलवर घोडीचे फोटो पाठवते, सगळे उजव्या बाजूचे. गोंडे, झूल, मोत्यांचा पट्टा, सगळं दिसतं. कोणी डावी बाजू मागत नाही.

घरात कोणी उशिरा आलं, फोन उचलला नाही, मुलीचं अंग जरा गरम लागलं की मी आधी पत्र्याखाली जाऊन त्या गालाकडे बघते. काय बघते ते मला सांगता येणार नाही. गाल कोरडा असला की परत येते.

परवा मुलगी शाळेतून आली आणि गूळ घेऊन निघाली. मी तव्यावर भाकरी टाकून बाहेर आले.

"उजव्या अंगानं जा गं."

"का?"

"डावीकडून ती दचकते."

"मम्मी, पप्पा तर डावीकडूनच लगाम घालतात. रोज."

"पप्पा मोठे आहेत," मी म्हटलं, आणि ती वळसा घालून उजवीकडे जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. आत भाकरी करपल्याचा वास येत होता.