व्हरांड्यातला प्रश्न

त्या कंपाउंडरचं भलं व्हावं असं मला कधी वाटलं नाही. आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू?

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या चांद्याकडच्या जंगलपट्टीत दवाखाना एकच, आणि डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार. एरवी कंपाउंडरचं राज्य. औषधाला बाटली आपली आपण न्यायची. आमच्या घरात होती ती मोहाच्या दारूची. आईनं ती राखेनं तीनदा घासली, तरी त्यानं नाकाशी धरली आणि भरल्या व्हरांड्यात विचारलं, "दारू न्याले आली का औषध? काय होते वं तुले?"

धाकट्याच्या जन्मानंतर आईच्या अंगावरून लाल जाणं थांबत नव्हतं. पण समोर वीसेक बाप्ये बसलेले, त्यात आमच्या गावचा पाटीलही. आई म्हणाली, "डोस्कं दुखते जी."

त्यानं डोक्याचं औषध दिलं. असे आठवड्याचे तीन बाजार झाले. आई पांढरीफटक पडत गेली, पण खरं दुखणं तिच्या तोंडून निघालं नाही. धान कापणीला यायच्या आधी ती गेली.

माझी मावशी सुईण. वर्षभरानं कंपाउंडरची बायको मागल्या दारानं तिच्याकडे येऊ लागली. तिलाही तेच दुखणं. नवऱ्याला सांगायची लाज, आणि त्याच्या दवाखान्यात जायची त्याहून जास्त. मी चौदा वर्षांची, मावशीला मुळ्या वाटून द्यायची. मी सगळं ऐकलं. हा आता आयता सापडला, असं मला वाटलं.

बाजाराच्या दिवशी बाटली घेऊन मी दवाखान्यात गेले. भरल्या व्हरांड्यात त्यानं तसंच मोठ्यानं विचारलं, "काय होते वं?"

मीही मोठ्यानंच म्हटलं, "मले काई नाई जी. तुमच्या बाईच्या अंगावरून लाल जाऊन राह्यलं. तिले द्या औषध."

त्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको आली नाही. मावशी तिच्या घरी गेली, तर बंद दाराआडून ती म्हणाली, "मले काई नाई झालं. आता येऊ नका बाई."

मावशीनं परत येऊन मला विचारलं, "तिनं तुया मायचं काय केलं होतं?"

काहीच केलं नव्हतं. शिमग्याच्या आत ती गेली. कंपाउंडरनं त्याच उन्हाळ्यात दुसरी केली.