व्हिक्टोरियन झग्यात वेखंड

अबुधाबीत आमची कंपनी म्युझियमचा नाजूक माल ने-आण करते. त्या दिवशी खोक्यात होता व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुणा बाईचा रेशमी झगा. मोरपिशी, आणि कंबर इतकी बारीक की माझी एक मांडी आत शिरली नसती. तो पाहून मला भरूनच आलं. एवढं जुनं रेशीम, आणि भोवती नुसता पांढरा कागद?

आमच्या घरी पैठणीच्या घडीत कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी असते. दुसऱ्या दिवशी त्यातलीच एक खिशातून नेली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून कागदाखाली सारली. केवढं पुण्य केलं, अशा तोऱ्यात जेवायला गेलो.

तासाभरात आमच्या साहेबांचा फोन. "खोक्यात कसलीशी मुळी सापडलीये. यल्ला, ये लवकर."

कपड्यांची देखभाल करणाऱ्या गोऱ्या बाई चिमट्यात पुरचुंडी धरून उभ्या होत्या. मुळी कुठली हे कळेना, म्हणजे किडीची शंका. झगा तीन आठवडे वेगळा ठेवावा लागेल, म्हणाल्या. प्रदर्शन परवा उघडणार होतं.

साहेब रत्नागिरीचे. पुरचुंडी बघताच त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "ही तुझीच ना रे? गप्प राहा. पाठवणाऱ्यांनी ठेवली असेल म्हणू."

गप्प राहिलो तर नोकरी वाचणार होती, पण झगा तीन आठवडे अंधारात. आणि मला तर तो उभा राहिलेला बघायचा होता. जीभ माझ्याआधी बोलून गेली, "मॅडम, माझी आहे. घरी रेशमात ठेवतो ती."

साहेबांनी डोळे मिटले.

बाईंनी विचारलं, "घरी किती वर्षं ठेवता हे?"

"लग्नापासून. सात."

"कीड?"

"एकदाही नाही."

त्यांनी मुळी भिंगाखाली धरली, मग रेशमाची शिवण अन् शिवण तपासली. शेवटी मान वर केली. "अळी नाही, डाग नाही. झगा परवा मांडू. तुम्ही मात्र कशालाही हात लावायचा नाही."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी झगा सांगाड्यावर चढू लागला. घेर सुटला तसा निळ्याचा हिरवा, हिरव्याचा निळा होऊ लागला. मी नकळत एक पाऊल पुढे.

"हात मागे," साहेब पुटपुटले.

मी मागे बांधलेले हात आणखी घट्ट धरले आणि टाचा उंचावून बघत राहिलो.