माइक बंद होता ते चार दिवस

चिकूच्या झाडावरून पडून माझ्या धाकट्या भावाचे पाय गेले. तेव्हापासून तो वेवजी गावातल्या आमच्या घरातून फारसा बाहेर पडत नाही. मी तलासरीला नोकरीला लागल्यावर त्याच्यासाठी एक जुना गेमिंग कन्सोल आणला. हेडफोन लावून तो दुपारभर खेळायचा आणि खेळताना बोलायचा. कुणी वलसाडचा, कुणी नाशिकचा. अर्धं मराठी, अर्धं गुजराती, मधेच हिंदी शिव्या. त्याला चालता येत नाही हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. "आज मागच्या खोलीत खेळ, आणि जरा हळू बोल," मी त्याला म्हटलं. तो हो म्हणाला, पण खेळात त्याला भान राहत नाही. कन्सोलवरचं त्याचं खातं मीच माझ्या खात्याखाली उघडलं होतं, त्यामुळे त्याच्या बोलण्याची परवानगी माझ्या फोनवरून काढता येत होती. सकाळीच मी ती काढून टाकली. त्याला सांगितलं नाही.

पाहुणे पोहे खाऊन गेले, दोन दिवसांनी नकार कळवला. परवानगी परत द्यायची विसरले, असं मी स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. घर शांत झालं होतं आणि मला ते आवडायला लागलं होतं.

तो मात्र माइकच्या मागे लागला. पिन काढून कापसाने पुसली. कन्सोल बंद करून पुन्हा सुरू केला. आईच्या जुन्या मोबाइलचे इअरफोन लावून पाहिले. "ताई, मला त्यांचं ऐकू येतं गं, माझंच त्यांना जात नाही."

"वायर हलवून बघ," मी म्हटलं. खरंच म्हटलं. आणि तो खरंच वायर हलवत बसला.

गुरुवारी त्याने हेडफोन पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "ऑफिसच्या कामाला डहाणूला चाललीयेस ना? दाखव ना कुणाला."

स्टेशनजवळच्या दुकानदाराने तो स्वतःच्या मोबाइलला जोडला. "बोला काहीतरी."

मी "हॅलो," एवढंच म्हटलं. त्याने लगेच ते ऐकवलं. माझा आवाज स्वच्छ आला.

"माइक एकदम बराबर आहे, मॅडम. सेटिंगमध्ये बघा कुणी काय बंद केलंय."

परतीच्या एसटीत मी परवानगी सुरू केली. हेडफोन गुपचूप देऊन टाकावा, दुकानात दुरुस्त झाला म्हणावं, असंही मनात आलं. पण घरी पोचले तर तो दारातच बसून वाट बघत होता. मी सगळं सांगून टाकलं.

तो हेडफोनची वायर सोडवत राहिला. मग म्हणाला, "पाहुण्यांना मी आहे हे सांगितलं होतंस का?"

मी मान हलवली. नव्हतं सांगितलं. हे त्याने विचारेपर्यंत मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

त्याने कन्सोल लावला. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण तो हसून म्हणाला, "अरे, कुठे नाही गेलो. माइक बिघडला होता. बहिणीने डहाणूला नेऊन दुरुस्त करून आणला."

मी आत जाऊन चुलीपाशी बसले. बाहेर तो पूर्वीसारखाच मोठ्याने बोलत होता.